चार मिनिटं मागं

शिकलगार मेस्त्रींना किती वाजले असं विचारलं की ते आधी विचारायचे, "कुणाच्या घड्याळात?" पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटायचं, माणूस चेष्टा करतोय. पण मेस्त्रींना चेष्टा करता यायची नाही. कचेरीच्या भिंतीवरचं घड्याळ, साहेबांच्या मनगटावरचं घड्याळ, गिरणीचा भोंगा, एसटी स्टँडावरचं मोठं घड्याळ, सगळ्यांच्या चुका त्यांना तोंडपाठ होत्या. "भोंगा दीड मिनिट उशिरा. स्टँड तीन मिनिटं फुडं. साहेबांचं बरं हाय, पर रोज किल्ली देत न्हाईत." एवढं सगळं ऐकवून झालं की मग ते वेळ सांगायचे. तोवर विचारणारा बहुधा निघून गेलेला असे.

आमचं खातं नद्यांचं पाणी मोजायचं. शिरोळ, कागल आणि नदीकाठची आणखी काही गावं, तिथं आमची ठाणी होती. प्रत्येक ठाण्यावर एक वायरलेस सेट आणि एक ऑपरेटर. पावसाळ्यात सकाळ-संध्याकाळ त्यांनी पाण्याची उंची कोल्हापूरला कळवायची. कोल्हापूरच्या सेटला मेन सेट म्हणत. तो साहेबांच्या केबिनला लागून असलेल्या खोलीत होता आणि त्याच्यावर मी बसत असे. मेस्त्री मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. ठाण्यांचे सेट दुरुस्त करणं आणि ते जागेवर ठेवणं हे त्यांचं काम.

जागेवर म्हणजे काय, ते सांगतो. प्रत्येक सेटला एक ठरलेली फ्रिक्वेन्सी असते आणि सेटच्या पोटातला नखाएवढा क्रिस्टल ती धरून ठेवतो. पण उन्हानं, थंडीनं, नुसत्या वयानंही तो थोडा घसरतो. आमचे सेट अशा जातीचे होते की शंभर सायकलचा, म्हणजे सेकंदाला शंभर कंपनांचा, फरक पडला तरी माणसाचा आवाज बदलायचा. सेट वर सरकला की बोलणारा चिरका, खाली सरकला की घोगरा. एकदा कागलचा ऑपरेटर, चांगला तालमीतला गडी, सकाळी पाण्याची उंची सांगायला लागला तो शाळकरी पोरीच्या आवाजात. मेन सेटच्या खोलीत आम्ही पोट धरून हसलो. मेस्त्री दारात उभे राहून मान तिरकी करून ऐकत होते. ते हसले नाहीत. "सव्वाशे वर गेलाय," म्हणाले आणि पिशवी भरायला निघून गेले.

त्यांच्याकडं फ्रिक्वेन्सी मोजायचं एक यंत्र होतं, लोखंडी पेटीएवढं. मेस्त्री ते गोधडीत गुंडाळून एसटीनं न्यायचे आणि सीटवर ठेवायचे. कंडक्टर म्हणायचा, "पावणं, पेटी खाली ठेवा, मानसं उभारल्यात." मेस्त्री स्वतः उठून उभे राहायचे. "ती बसंल. मी उभारतो की. खाली हादरं बसत्यात तिला." कागलपर्यंत उभं राहून जाणारा आणि यंत्राला सीट देणारा सरकारी नोकर मी तरी दुसरा पाहिला नाही.

तिथं पोचल्यावर ते यंत्र तासभर नुसतं चालू ठेवायचे, तापू द्यायचे. मग हेडफोन लावायचे. एका बाजूनं सेटचा सूर, दुसऱ्या बाजूनं यंत्राचा. दोन्ही सूर जवळ आले की गुरगुर ऐकू येते. अजून जवळ आले की ती गुरगुर सुटी होते, धप, धप, धप. सेकंदाला किती धप पडतात ते घड्याळ लावून मोजायचं, तेवढा फरक. बारीक पेचकसानं सेटचा एक स्क्रू केसभर फिरवायचा आणि ती धपधप मंद होत होत थांबली की दोन्ही एक झाले. कागलचा तो गडी कंटाळून म्हणाला होता, "मेस्त्री, तीसचाच तर फरक ऱ्हायलाय. चालंल की."

मेस्त्रींनी हेडफोन काढला. "चालंल ह्यो काय आकडा हाय व्हय? आकडा सांग."

हा शब्द त्यांच्यासमोर कुणी काढायचा नाही, हे मग सगळ्या ठाण्यांवर माहीत झालं. चहा कसा झालाय विचारलं तरी ते चालेल म्हणत नसत. साखर कमी आहे, नाहीतर जास्त आहे.

राहायला शिवाजी पेठेत, तालमीच्या मागच्या बोळात. वाडवडील तलवारींना आणि पुढं पुढं विळ्या-कात्र्यांना धार लावायचे. हे कुठल्यातरी टेक्निकल शाळेत शिकून वायरलेसमध्ये आले. नाव हुसेन, पण ते फक्त पगारपत्रकात. पेठेत फुटबॉलचं वेड, तसं यांनाही होतं, फक्त यांचं वेड जरा वेगळ्या जागी होतं. मॅचला दोन घड्याळं घेऊन जायचे. गोल कुणी केला ते दुसऱ्या दिवशी त्यांना आठवायचं नाही, पण "रेफ्रीनं पहिल्या हाफात चाळीस सेकंद खाल्लं" हे पक्कं सांगायचे. एकदा मॅच संपल्यावर त्यांनी मैदानावर जाऊन रेफ्रीचं मनगट धरलं होतं. हरलेल्या तालमीच्या संघातल्या पोरांनी त्यांना त्या दिवशी खांद्यावर घेतलं आणि जिंकलेल्यांनी महिनाभर बोळातून जाताना शिव्या दिल्या. मेस्त्रींना दोन्हीचं काही वाटलं नाही.

इथवर हे सगळं गमतीचं होतं. मग युद्धाचं वर्ष आलं. खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटले, आणि ज्याला त्याला ज्याच्या त्याच्यात हेर दिसायला लागला.

एक दिवस साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. पुण्याकडचे होते, बोलणं गोड आणि नेमकं. "देसाई, ते हुसेन शिकलगार रोज साडेदहाला कानाला लावून काय ऐकत असतात?"

"सेटचंच काहीतरी असतं, साहेब."

"काहीतरी म्हणजे काय? परदेशी केंद्र लावतात, वहीत आकडे लिहितात. अधिक, उणे. दिवस कसले आहेत माहीत आहे ना? जरा लक्ष ठेवा. वेळा टिपून ठेवा, नोंद असलेली बरी."

एरवी साहेब नुसतं शिकलगार म्हणायचे. त्या दिवशी त्यांनी हुसेन पुढं जोडलं होतं. मला ते ऐकू आलं. बाहेर येऊन कोपऱ्यावरच्या दुकानातून एक छोटी डायरी विकत घेतली.

मला शंका होती का? होती. खोटं कशाला सांगू? आजवर ज्या गोष्टींना हसत होतो त्या सगळ्या आठवून आठवून तपासायला लागलो. हा माणूस कपाटाला दोन कुलपं का लावतो? वही लिहून झाली की शर्टाच्या आत का घालतो? कुणाशी गप्पा का मारत नाही? एकदा शंका घ्यायची ठरली की प्रत्येक गोष्ट तिला पुरते. मी शेडमध्ये काहीतरी निमित्त काढून जायचो, मनगटाकडं बघायचो आणि परत येऊन डायरीत लिहायचो: १०.२६ ते १०.४३, ऐकणे. आकडे लिहिले. वही आत ठेवली. डायरी माझ्या ड्रॉवरमध्ये, कुलपाशिवाय.

एकदा धीर करून विचारलं, "मेस्त्री, काय ऐकताय एवढं?"

त्यांनी मान तिरकी करून माझा प्रश्न ऐकून घेतला. मग हेडफोन पुढं केला. "ऐका की."

मी ऐकलं. खरखर, आणि त्या खरखरीच्या तळाशी टिक, टिक, टिक. गाणं नाही, बातम्या नाहीत, कुणी बोलतही नाही.

"कोण बोलत का नाही यावर?"

"बोलला की मानूस खोटं बोलतोय. ह्यो टिकटिकच करतोय, म्हून ऐकतो."

"कुठलं केंद्र?"

"लांबचं हाय," म्हणून त्यांनी हेडफोन परत घेतला. मी डायरीत लिहिलं, विचारले असता टाळले. आज कळतं, त्यांनी टाळलं कारण विचारणारा कसा विचारतोय हे त्यांच्या कानानं तेव्हाच मोजलं होतं.

युद्ध लवकर संपलं. साहेबांची शंका संपली नाही, कारण उन्हाळ्यात मेस्त्रींनी तिला नवं खाद्य दिलं. ते मेन सेटच्या खोलीत आले, मी ठाण्यांशी बोलत असताना सेटमधून येणारे आवाज मान तिरकी करून ऐकत उभे राहिले आणि म्हणाले, "देसाई, तुमचा सेट खाली आलाय. शंभरावर."

मेन सेटला पुण्याचं लाखेचं सील होतं. तो उघडायचा अधिकार जिल्ह्यात कुणालाच नव्हता. साहेब म्हणाले, "शिकलगार, सगळी ठाणी आमच्याशी स्वच्छ बोलतात. मेन सेट चुकीचा असेल तर सगळा जिल्हा चुकीचा म्हणायचा का?"

"व्हय," मेस्त्री म्हणाले.

ठाणी स्वच्छ का बोलत होती याचंही कारण होतं. साहेबांनीच हुकूम काढला होता की आवाज बिघडला तर ऑपरेटरनं मेस्त्रीची वाट बघू नये. स्क्रू फिरवावा आणि कोल्हापूरच्या देसायांचा आवाज नेहमीसारखा वाटला की थांबावं. सगळ्यांनी तेच केलं. मेन सेट थोडा घसरला की मी त्यांना घोगरा ऐकू यायचो, ते स्क्रू फिरवायचे, मी पुन्हा देसाई व्हायचो. महिन्यामागून महिने सगळी ठाणी मेन सेटच्या मागोमाग खाली चालली होती आणि आम्हा सगळ्यांना एकमेकांचे आवाज अगदी छान ऐकू येत होते.

फक्त शिरोळ सोडून. तिथला ऑपरेटर गुंडू पाटील मेस्त्रींना मानायचा. मेस्त्रींनी शिरोळचा सेट आपल्या यंत्रावर बरोबर लावला आणि त्या स्क्रूवर स्वतःच्या हातानं लाखेचा थेंब टाकून आले. "कुनीबी सांगू दे, हात लावायचा न्हाय." गुंडूचा भरदार आवाज आम्हाला चिरका ऐकू यायला लागला. आणि गुंडू रोज सकाळी मला विचारायचा, "देसाई, सर्दी अजून ग्येली न्हाय व्हय तुमची? काढा घ्या की." मी चिडायचो. मला कसली सर्दी नव्हती. पण त्याला मी घोगरा का ऐकू येतो याचा विचार मी एकदाही केला नाही, कारण मी मेन सेटवर बसलेलो होतो.

साहेबांनी मेस्त्रींना हुकूम केला, शिरोळची लाख फोडून तो सेट इतरांसारखा करा.

"मेन सेट बराबर हाय असं लिवून द्या, साहेब. खाली सही करा. लगेच फोडतो."

असं त्यांना कुणी बोललं नव्हतं. त्याच दिवशी शेडमधला तो टिकटिक ऐकायचा रिसीव्हर उचलून स्टोअरमध्ये कुलपात गेला, मेस्त्रींना मेन सेटच्या खोलीत यायची बंदी झाली आणि पुण्याला अहवाल गेला. हुकूम मोडतात, ठाण्याचा सेट मुद्दाम बिघडवून ठेवतात, युद्धकाळात परदेशी केंद्र ऐकत होते. चौकशीला जुलैत माणूस येणार असं कळलं. साहेबांनी मला सांगून ठेवलं, "तुमची डायरी त्या दिवशी लागेल." मेस्त्रींची सहा वर्षं राहिली होती. नोकरी गेली तर पेन्शनही जाणार हे सगळ्या कचेरीला माहीत होतं. शेडकडं चहाला जाणं लोकांनी बंद केलं. मी मात्र जात होतो, कारण मला लक्ष ठेवायचं होतं. ते माझ्यासाठी चहा सांगायचे आणि मी तो प्यायचो.

चौकशीच्या आधीच्या आठवड्यात पूर आला. कृष्णेचं पाणी शिरोळच्या उसात शिरलं. पुण्याहून तीन नवे कोरे सेट आले. ते बचावाच्या तीन नावांवर चढवून गावांकडं पाठवले. सकाळी नऊच्या सुमाराला पहिल्या नावेनं बोलायला सुरुवात केली आणि माझ्या कानात नुसती चिंवचिंव. दुसरीही तशीच, तिसरीही. माणसं घाबरून भरभर बोलत होती, एक शब्द कळत नव्हता. कागलला विचारलं, कागललाही कळत नव्हतं. साहेब माझ्या मागं उभे होते. म्हणाले, "तिन्ही सेट खराब पाठवलेत."

तेवढ्यात गुंडूचा आवाज आला. त्याच्या चिरक्या बोलण्याची मला सवय झाली होती, आणि तोही प्रत्येक शब्द सावकाश, दोन-दोनदा सांगायचा. "देसाई, नावंवरचं समदं मला सोच्छ ऐकू याला लागलंय. मी सांगतो, तुमी लिवून घ्या. शाळंच्या छतावर मानसं हायत. बायका-पोरं धरून चाळीसभर. मोठी नाव पायजे. बिगीनं."

मी लिहून घेतलं. मोठी नाव गेली. संध्याकाळपर्यंत तिन्ही नावांचा प्रत्येक निरोप शिरोळहून गुंडूच्या तोंडून आला. केव्हातरी मी मान वर केली तर मेस्त्री उंबऱ्याबाहेर उभे होते. आत यायची बंदी होती, ती ते पाळत होते. मला वाटलं ते माझ्याकडं किंवा साहेबांकडं बघत असतील. ते भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होते.

पाणी उतरल्यावर पुण्याचा इंजिनियर आला. चौकशीलाच आला होता, पण आल्या आल्या त्यानं गाडीतून आकडे दाखवणारं नवं यंत्र काढलं. शिरोळचा सेट वीस सायकलनं चुकलेला निघाला. मेन सेट साडेतीनशेनं. सील फोडलं तेव्हा कळलं, क्रिस्टलला ऊब देणारी आतली छोटी भट्टीच कधीतरी मेली होती. इंजिनियरनं मेस्त्रींना विचारलं, "तुम्ही कशाशी ताडून बघत होता?" जगभर अचूक वेळ आणि फ्रिक्वेन्सी पुरवणाऱ्या त्या टिकटिक केंद्राचं नाव मेस्त्रींनी सांगितलं; वहीतले अधिक-उणे म्हणजे त्याच्याशी ताडलेल्या त्यांच्या यंत्राच्या चुका. "बरोबर, आम्हीपण तेच धरतो," असं म्हणून त्यानं चहा मागवला. चौकशी तिथंच संपली.

साहेब म्हणाले, "शिकलगार, हे आधी नीट सांगायचं नाही का?"

"सांगितलं हुतं. तारीख सांगू?"

साहेब नको म्हणाले.

डायरी माझ्या खिशात होती. ती कुणी मागितली नाही. कचेरी सुटल्यावर फाडून टाकावी म्हणून नदीच्या घाटावर गेलो आणि फाडण्याआधी उघडली; रिसीव्हर कुलपात गेल्यापासून टिपायच्या वेळाच उरल्या नव्हत्या, म्हणून ती उघडलीही नव्हती. माझ्या शाईच्या प्रत्येक ओळीशेजारी पेन्सिलीनं बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं. १०.२६ खोडून १०.३०. १०.४३ खोडून १०.४७. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, एकही ओळ सुटली नव्हती. मी रजा घेतलेल्या तीन दिवसांच्या जागा रिकाम्या होत्या, त्याही भरल्या होत्या: "देसाई रजेवर. १०.३० ते १०.४८ ऐकले." जिथं मी 'टाळले' असं लिहिलं होतं, तिथं केंद्राचं नाव पूर्ण लिहिलं होतं. आणि शेवटी, "घड्याळ चार मिनिटं मागं. लावून घेणे."

मी तिथंच पायरीवर बसलो. त्या दिवशी वाटली तेवढी लाज मला पुन्हा कधी वाटली नाही. म्हणजे हे सगळं त्यांना ठाऊक होतं. ड्रॉवर उघडून त्यांनी ते वाचलं होतं, बहुधा अनेकदा, आणि तरी दुसऱ्या दिवशी साडेदहाला तिथंच बसून तेच ऐकलं होतं. आपल्याविरुद्धचा कागद आहे म्हणून तो त्यांनी गायब केला नाही. तो चुकीचा होता, म्हणून दुरुस्त केला. डायरी मी फाडली नाही, अजून आहे.

पुढं सहा वर्षं आम्ही एकाच कचेरीत होतो. त्यांनी तो विषय काढला नाही. मी काढायला हवा होता. रोज उद्यावर ढकलला, आणि एक दिवस ते निवृत्त झाले. त्यांच्या निरोपाच्या कार्यक्रमात साहेबांनी भाषण केलं. मेस्त्री घड्याळ बघत होते.

शेवटची भेट झाली तेव्हा त्यांच्या निवृत्तीलाही आठ-दहा वर्षं होऊन गेली होती. फुटबॉलची मॅच होती, मैदानाच्या दगडी पायऱ्यांवर ही गर्दी. कुणीतरी बाजूला सरकून जागा दिली म्हणून बघितलं तर मेस्त्री. बरेच वाकले होते, डोळ्यांवर जाड चष्मा आणि दोन्ही मनगटांवर दोन घड्याळं. मला धड नमस्कारही सुचेना. म्हणालो, "मेस्त्री, एक बोलायचं राहिलंय माझं."

त्यांनी मान तिरकी केली, ठाण्याचा सेट ऐकायचे तशी. मी मैदानाकडं बघायला लागलो.

"घड्याळ लावता का रोज?" त्यांनी विचारलं.

"लावतो. त्या दिवसापासून रोज लावतो."

माझ्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला नाही. ठेवायचं कारणही नव्हतं. त्यांनी माझं मनगट धरून डोळ्यांजवळ नेलं, शेजारी आपलं मनगट आणलं आणि दोन्ही काटे बघत एक मिनिटभर तसेच बसून राहिले. खाली कुणीतरी गोल केला, सगळ्या पायऱ्या उठून उभ्या राहिल्या. आम्ही दोघंच बसलेले होतो.

"पाच सेकंद फुडं हाय," म्हणाले आणि माझं मनगट हळूच खाली ठेवलं. "चालंल."